तिसरा पुकारा

४ जून

भोंगामामा,

नमस्कार. वाकून करत नाही, पाठ दुखते आहे. परवा कोर्टाच्या जिन्यात एका गृहस्थाने मला ढकललं आणि सात पायऱ्या मी बसल्याबसल्याच उतरले. आईला सांगू नका. तिला वाटतं मी कोर्टात पंख्याखाली बसून कागद लावते.

माझं काम नेमकं काय, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. वकील मी नाही. ज्यांना घरातच मार बसलाय आणि आता त्याच माणसासमोर उभं राहून बोलायचंय, त्यांच्याबरोबर मी जाते. कोण कुठे बसतं ते आधी रिकाम्या खोलीत नेऊन दाखवायचं, ‘आठवत नाही’ म्हटलं तरी चालतं हे सांगायचं, साक्षीच्या वेळी शेजारी बसायचं, पाणी द्यायचं, रुमाल द्यायचा. आणि तोंडाला कुलूप. साक्षीतला एक शब्द जरी मी उच्चारला तरी समोरचा वकील म्हणणार, बाईला पढवून आणलीय. तुम्ही जिचं नाव टिटवी ठेवलंत तिची ही नोकरी. हसा.

सध्या माझ्याकडे एक शिंपीण आहे. शाळेचे गणवेश शिवायची. नवरा काचवाला, खिडक्यांना काचा कापून बसवायचा. ती माहेरी जाते म्हणाली एवढ्यावरून त्याने तिचा उजवा हात दारात घालून दार लोटलं. मग तापलेली इस्त्री पाठीवर ठेवली. मग दुकानातून काचेची पट्टी आणली आणि तिच्या छातीवर बसून गळ्यावर ओढली. मामा, काच कशी कापतात ठाऊक आहे? आधी हलकेच चरा ओढतात, मग मोडतात. त्याने तसंच केलं. चरा ओढून झाला होता. मोडायच्या वेळी शेजारीण आत आली आणि तो उठला. माणसाचा गळा काच नसतो म्हणून बाई वाचली.

पण आवाज गेला. आता नुसती हवा निघते, तीही कान तोंडाशी नेला तर कळते. तो म्हणतो, पाय घसरून ती काचेवर पडली. शेजारणीने फक्त नंतरचं पाहिलं. म्हणजे जे काही आहे ते या बाईच्या तोंडात आहे. ते कोर्टाच्या कानावर गेलं नाही तर तो सुटेल आणि उरलेलं काम पुरं करेल. तसा निरोपच तो तुरुंगातून पाठवतो. मला ढकलणारा गृहस्थ म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, तिचा दीर.

साक्ष २० तारखेला आहे. तुम्ही जन्म कोर्टात काढलात, काही सुचवा. आणि घसा कसा आहे? अकरा वर्षं झाली, आता तरी फोन घ्या. गोळ्या पाठवतेय, चघळा.

टिटवी


११ जून

चि. टिटवीस,

आशीर्वाद. पायऱ्या सातच होत्या हे वाचून बरं वाटलं. आमच्या कोर्टाला बावीस होत्या.

गोळ्या मिळाल्या. मामीने खाल्ल्या, तिचा आवाज आणखी मोठा झाला आहे. माझं तेच. घरात बोलण्यापुरता घसा आहे, फोनसाठी नाही. पत्र काय वाईट आहे? पत्रात तू मला मध्ये तोडत नाहीस.

चोवीस वर्षं मी दारात उभा राहून पुकारा केला. नाव तीनदा घ्यायचं, तिसऱ्यालाही कोणी आलं नाही तर आत जाऊन ‘गैरहजर’ सांगायचं. एवढंच काम, पण आपण राजे. फाटकाबाहेरचा चहावाला माझा पुकारा ऐकून दूध चढवायचा. भोंगा हे नाव त्यानेच ठेवलं, तुझ्या आईने फक्त पसरवलं.

आता नीट वाच. त्या बाईला बाहेरच्या बाकावर बसवू नकोस. प्रत्येक कोर्टाला मागून एक दार असतं, जुने कागद ठेवतात त्या खोलीतून. किल्ली कोणाकडे असते ते आधी शोध आणि तिला तिकडून आत ने. आणि शिपायाला गाठून सांग की हिच्या नावाचा पुकारा करू नको, वेळ झाली की येऊन कानात सांग. पुन्हा लिहितो, कानात. तो हो म्हणाला तरी दोनदा सांग, आणि त्याच्या शेजारी उभी राहा.

का, ते विचारू नकोस. म्हाताऱ्याची खोड समज.

तुझा,
भोंगामामा (सध्या बंद)


२२ जून

मामा,

तुमचं ऐकलं नाही. म्हणजे अर्धं ऐकलं. मागच्या खोलीची किल्ली ज्या कारकुनाकडे असते तो रजेवर, आणि किल्ली त्याच्या खिशात. शिपायाला एकदा सांगितलं, तो हो म्हणाला. दोनदा सांगायला मला लाज वाटली. आम्ही बाकावर बसलो.

अकरा वाजता त्याने तिच्या नावाचा पुकारा केला. चांगला खणखणीत. दीर खालच्या मजल्यावर आम्हाला शोधत फिरत होता, त्याला घरबसल्या पत्ता मिळाला. वर आला तो हसत. “वहिनी, बऱ्या आहात ना?” म्हणाला आणि तिचा उजवा हात, तोच हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पिळला. डॉक्टरांनी तीन बोटं तारांनी जोडली होती. ती मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिने तोंड उघडलं, डोळे पांढरे झाले, पण ओरडायला आवाज कुठून आणणार? येणारेजाणारे समजले, घरची माणसं भेटताहेत. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. तोंडात खारट लागलं तरी सोडलं नाही. पोलीस धावत आले आणि त्यांनी आधी कोणाला ओढलं असेल? मला.

दवाखान्यात चला म्हटलं तर बाई मान हलवते. ओठांवरून कळलं, “आधी साक्ष.” माझ्या रुमालात हात बांधून ती पिंजऱ्यात उभी राहिली.

आणि मग सगळा विचका. आधी माइक लावला. त्यातून नुसता फुस्स असा आवाज, टायर बसल्यासारखा. लिहून द्या म्हणावं तर हात तसा. शेवटी जजबाईंनी तिथल्या कारकुनाला सांगितलं, तिच्या तोंडाशी कान ने आणि ती म्हणेल ते मोठ्याने म्हण. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, “माझी बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लोटलं. तीनदा. तिसऱ्यांदा पाय लावून.” कारकून खाकरला आणि म्हणाला, “हाताला मारहाण केली.” ती म्हणाली, “छातीवर बसला. म्हणाला, हलू नको, रेघ वाकडी येईल.” कारकुनाला घाम फुटला. म्हणाला, “गळ्याला दुखापत केली.”

लगेच आरोपीचा वकील उभा. “दुखापत काय, काच लागूनही होते.”

मामा, मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. जीभ दातांत धरली होती ती अजून सुजलेली आहे. कारकून वाईट माणूस नाही. चारचौघांत असले शब्द उच्चारायची त्याला लाज वाटली, बस. त्याच्या लाजेपायी काचवाला सुटणार.

जजबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी काम थांबवलं. ९ जुलैला पुन्हा पहिल्यापासून साक्ष. शब्द न शब्द जसाच्या तसा, मोठ्याने म्हणणारा माणूस आणा म्हणाल्या, शपथ घेणारा आणि दोन्ही बाजूंना चालणारा. मी तुमचं नाव देऊन आले. तुम्हाला न विचारता. मामा आहेत, हेही सांगितलं, घशाचंही सांगितलं. आरोपीचा वकील हसला. म्हणाला, “घसा गेलेला माणूस? आमची काहीच हरकत नाही.”

त्याचं हसू उतरवायला या. तारीख ९.

टिटवी


२७ जून

टिटवी,

माझं नाव परत घे. मी येणार नाही. घसा बरा नाही. दुसरा कोणी शोध, माणसांचा काय तोटा.

त्या बाईचा हात कसा आहे ते कळव.

मामा


३० जून

मामा,

हात विचारताय? दोन बोटं काढावी लागली. झालं कळवून.

तुमच्या घशाचं मी आईला विचारलं. ती म्हणाली, तीन डॉक्टरांनी बघितलं आणि तिघांनी सांगितलं, घसा लहान मुलासारखा साफ आहे. मग हे काय सोंग आहे? लहानपणी मला खांद्यावर घेऊन फाटकापासून ओरडायचात, “टिटवी आली हो!” आणि आख्खी गल्ली खिडकीत यायची. त्या माणसाला आता एका बाईसाठी अर्धा तास बोलायचं तर प्रकृती आडवी येते. तुम्ही घाबरलात. कारकुनाला निदान लाज तरी वाटली.

काल ती राहते त्या आश्रयगृहाच्या दारात तिच्या नावाचं पुडकं आलं. जुन्या कापडात गुंडाळलेली काचेची पट्टी. वीतभर. धरायची बाजू छान घासलेली, दुसरी बाजू तशीच. चिठ्ठी नाही, काही नाही. तिने ती हातात घेऊन उजेडात पाहिली आणि मला कानात सांगितलं, “हे कापणं दिराचं. नवऱ्याचं याहून सरळ असतं.” मग म्हणाली, “बाई, राहू दे. कोणाला ऐकूच येत नाही तर कशाला बोलायचं?”

दुसरा माणूस मिळाला नाही. दोघांना विचारलं. एक म्हणाला, असले शब्द मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या घरावर दीर जाऊन आला. ९ तारखेला कोणी नसेल तर आहे तोच कागद कायम होईल, ‘मारहाण’ आणि ‘दुखापत’.

मला रागावता येतं तेवढं रागावून झालं. आता तुम्ही बघा.


४ जुलै

चि. टिटवी,

डॉक्टर खरं बोलले. घसा साफ आहे.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या कोर्टात एक परिचारिका साक्षीला आली होती. नवऱ्याने तिचा खून करायचा एकदा प्रयत्न केला होता आणि जामिनावर सुटला होता. साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं, तिला कागदांच्या खोलीत बसवलंय, पुकारा करायचा नाही, जाऊन कानात सांगायचं. मी हो म्हणालो. यादीत तिच्या नावापुढे पेन्सिलीने फुलीही केली.

त्या दिवशी चाळीस नावं होती. एका सुरात मी म्हणत गेलो आणि तिचं नाव आलं तेव्हा डोळ्यांना फुली दिसायच्या आत तोंडाने नाव घेतलं होतं. पहिला पुकारा संपला आणि मला फुली दिसली. तिथेच थांबायचं होतं. पण तोंडाला चोवीस वर्षांची सवय. दुसरा पुकाराही गेला. म्हणजे दिसत असताना गेला, हे तू लक्षात घे.

दार उघडून ती बाहेर आली. “आले, आले,” म्हणाली. नाव घेतल्यावर माणूस म्हणतंच. पदराला हात पुसत होती.

तो जिन्यात उभा होता. सुरा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. पहिला वार पोटात झाला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. बोलावलं मी होतं ना. मी चार हात अंतरावर यादी धरून उभा. ज्या आवाजाने तिला बाहेर काढलं त्याच आवाजाने ‘आत पळ’ एवढंच म्हणायचं होतं. निघाला नाही. त्याने तिला भिंतीशी दाबून नऊ वेळा भोसकलं. नऊ मी मोजले, कारण मोजण्याशिवाय मी काहीच केलं नाही. ती बसत बसत खाली गेली आणि रक्त माझ्या चपलेखालून कोर्टाच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. आतून साहेब विचारत होते, साक्षीदार आली का?

तिसरा पुकारा द्यावा लागला नाही. तो तिथेच अडकला आहे. तोंड उघडून मोठ्याने काही म्हणायला गेलो की आधी तोच बाहेर येईल, असं वाटतं. म्हणून मी हळू बोलतो. मामीला ठाऊक आहे, तुझ्या आईला नाही.

तू मला घाबरट लिहिलंस. खोडलेलं नाही, ते बरं केलंस.

मामीने पिशवी भरली आहे. मी कपडे काढून ठेवतो, ती पुन्हा भरते. सकाळपासून तिसरी वेळ.

मामा


३० जुलै

मामा,

निकाल लागला. बारा वर्षं. दिरालाही वेगळा खटला लागला आहे, त्यात माझ्या दातांच्या खुणा पुरावा म्हणून जोडल्या आहेत. घराण्याचं नाव काढलं.

९ तारखेला साक्ष झाल्यावर तुम्ही न सांगता निघून गेलात. मी पोलिसांना जबाब देऊन बाहेर येते तर तुमची बस गेलेली. साक्ष संपेपर्यंत तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतात, म्हणून तुमच्या पाठीमागे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी सगळं पाहिलं, दुसरं कामच नव्हतं मला.

पहिलं वाक्य तुमच्या तोंडून फुटलंच नाही. आरोपीचा वकील मजेत पेनाचं टोपण उघडत होता. जजबाई म्हणाल्या, पुन्हा. शिंपीण तुमच्या कानाशी वाकली आणि मग तुम्ही म्हणालात, “माझी बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लोटलं. तीनदा. तिसऱ्यांदा पाय लावून.” मामा, खिडकीची तावदानं हलली. शेजारच्या कोर्टातली माणसं दारात गोळा झाली. पांढऱ्या मिशांचा माणूस ‘माझ्या छातीवर बसला’ म्हणतो आणि कोणी हसलं नाही. टंकलेखिका टाइप करायची थांबली, जजबाईंनी तिला हाताने खूण केली तेव्हा पुन्हा सुरू झाली.

वकिलाने विचारलं, पडताना काच लागली नसेल कशावरून? ती पुटपुटली, तुम्ही म्हणालात, “काच लागते तेव्हा ती ‘हलू नको, रेघ वाकडी येईल’ असं म्हणत नाही.”

तोवर काचवाला मान खाली घालून साधूसारखा बसला होता. हे ऐकलं आणि त्याने तुमच्याकडे पाहिलं. तिच्याकडे नाही. जणू त्या खोलीत तेव्हा तुम्ही होतात आणि आता चहाडी करत होतात. पोलिसाच्या हातून सुटून त्याने वकिलाच्या टेबलावरचा पाण्याचा पेला फोडला आणि कठडा ओलांडून तुमच्या पाठीवर आला. मी मधे पडले. माझ्या खांद्याला सहा टाके आहेत, आईला जिन्यावरून पडले असं सांगितलंय. चौघांनी मिळून त्याला खाली दाबला तेव्हा त्याच्या तळहातातून काच आरपार गेली होती आणि तो गुरासारखा ओरडत होता. आणि या सगळ्यात शिंपीण थांबली नव्हती. ती बोलतच होती. म्हणून तुम्हीही थांबला नाहीत. त्याच्या ओरडण्याच्या वर तुमचा आवाज, “मग इस्त्रीचा वास आला. तो माझ्या कातडीचा होता.” त्याला फरफटत बाहेर नेईपर्यंत तुम्ही तिची तीन वाक्यं म्हणालात.

शेवटी जजबाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? ती काहीतरी बोलली आणि तुम्ही गप्प झालात. त्यांनी दटावलं, जसंच्या तसं म्हणा. तेव्हा तुम्ही म्हणालात, “मॅडम, या मामांना खुर्ची द्या. सकाळपासून उभे आहेत.” तिथे मात्र तुमचा आवाज चिरकला. नंतर मला रडताना बघून कारकुनाने आपला रुमाल दिला, म्हणजे आमचं आता भांडण नाही.

पत्राबरोबर एक रुमाल पाठवते आहे. तिने डाव्या हाताने मशीन चालवायला घेतलं आहे, त्यातला हा पहिला. कडेची शिवण बघा. तिने सांगितलंय, “मामांना म्हणावं, रेघ वाकडी आली आहे, चालवून घ्या.”

मी घाबरट लिहिलं होतं. ते आता खोडा, नाहीतर मी येऊन खोडते.

टिटवी


६ ऑगस्ट

चि. टिटवीस,

आशीर्वाद. रुमाल मिळाला. शिवण चांगली वाकडी आहे. मामी इस्त्री करते म्हणाली, मी करू दिली नाही.

ते खोडणार नाही. त्या वेळी ते खरं होतं.

येत्या रविवारी फोन कर. दुपारी कर, सकाळी मी दूधवाल्याशी भांडतो. मामी म्हणते, तुमचा आवाज असा झालाय की फोन कशाला हवा, खिडकी उघडी ठेवली तरी पोरीला ऐकू जाईल. खांद्याचे टाके सुटले का ते तेव्हा सांग. खरं सांग, जिना नको.

सोमवारी मी आमच्या जुन्या कोर्टात गेलो होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. भिंतीला हिरवा रंग दिलाय, उंबरा काढून टाकलाय, बाक तोच आहे. दारातल्या नव्या शिपायाने विचारलं, कोणाकडे काम आहे? मी म्हटलं, एक मिनिटाचं काम आहे, माझंच राहिलेलं. तो बाजूला झाला. म्हातारा बघून झाला असेल.

मी माझ्या जागेवर उभा राहिलो आणि तिच्या नावाचा तिसरा पुकारा दिला. पूर्ण नाव, पूर्वीसारखं. जिन्यातली माणसं थांबली. फाटकाबाहेरचा चहावाला तोच आहे, त्याच्या हातातलं पातेलं पडलं म्हणे. मग नियमाप्रमाणे मी वाट पाहिली. कागदांच्या खोलीचं दार बंदच राहिलं. या वेळी कोणी बाहेर आलं नाही.

तुझा,
भोंगामामा